बिंदुसरेत कोण राहतं?

बीडच्या माणसाला बिंदुसरेचा अभिमान वाटतो तो वर्षातले चार दिवस. नदीवरच्या पालीच्या तलावाची चादर सुरू झाली की निम्मं शहर मोटारसायकली काढून तिकडे पळतं. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्यापुढे पोरंबाळं उभी करून फोटो निघतात, कणसं-भजी खपतात. उरलेलं वर्षभर हीच नदी दगडी पुलाखालून जाते तेव्हा आपण नाकाला रुमाल लावतो आणि गाडीचा वेग वाढवतो. वरच्या अंगाला पर्यटन आणि खालच्या अंगाला गटार ही वाटणी आपण इतकी मान्य केलीय की तिच्यावरून कुणी भांडतसुद्धा नाही.

भांडायला हवं, कारण हे गटार आपल्याच घरी परत येतं.

नकाशा समोर घ्या. बालाघाटच्या डोंगरातून निघालेली बिंदुसरा बीड शहर ओलांडून सिंदफणेला मिळते. सिंदफणा पूर्वेकडे जाऊन माजलगावच्या धरणात शिरते. आणि बीडच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार कोणता, तर माजलगावचं बॅकवॉटर. तिथून पाणी उपसायचं, मोटारींनी बीडपर्यंत आणायचं, त्याचं वीजबिल थकवायचं, ते पाणी प्यायचं, वापरायचं, न्हाणीतून आणि संडासातून नाल्यात सोडायचं. नाला बिंदुसरेत, बिंदुसरा सिंदफणेत आणि सिंदफणा पुन्हा माजलगावात. जलचक्र शिकवताना पुस्तकात समुद्र, ढग आणि पाऊस दाखवतात. बीडचं जलचक्र जिल्ह्याबाहेर जातच नाही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. माजलगाव धरणात जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही येतं, पावसाळ्यात सिंदफणेला पूर येतो, घाण पुष्कळ विरते. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आहे, क्लोरीन आहे. पण तुरटी गाळ खाली बसवते, क्लोरीन जंतू मारतो. कपाशीवर फवारलेलं कीटकनाशक, रुग्णाने लघवीवाटे टाकलेलं औषध, धुण्याच्या पावडरीतली रसायनं यांतलं बरंचसं तुरटी आणि क्लोरीनला दाद न देता सरळ पुढे जातं. वर पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असेल तर क्लोरीनचीच तिच्याशी क्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगं तयार होतात. म्हणजे पाणी जितकं घाण, तितका क्लोरीन जास्त आणि जितका क्लोरीन जास्त, तितकी नवी डोकेदुखी.

घाण किती असेल, त्याचा हिशोब कुणालाही करता येतो. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. सरकारी मानक माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात. गुणाकार केला की रोजचं दीड कोटी लिटरच्या वर सांडपाणी येतं. बीडमध्ये १३५ लिटर मिळतं म्हटलं तर कुणालाही हसू येईल, इथे नळाला पाणी कितव्या दिवशी येईल यावर घरोघरी पैज लागते. तर निम्मंच धरा. तरी बारा हजार लिटरचे साडेसहाशे टँकर रोज भरतील. आणि जनगणनेनंतर शहर थांबलेलं नाही, जालना रोडला आणि बार्शी रोडला बघून या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या यादीत मिठी आहे, मुळा-मुठा आहे आणि आपली बिंदुसरासुद्धा आहे. चौथ्या प्राधान्याच्या गटात. या गटाचा अर्थ असा की पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू खाऊन टाकतात तो, लिटरला ६ ते १० मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा ३ ची. राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी सगळ्या राज्यांना या पट्ट्यांसाठी आराखडे करायला लावले. आराखडे झाले. आपल्याकडे आराखडा झाला की काम झाल्यासारखं वाटतं.

मी निवृत्त होईपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी तक्रार आकड्याबद्दल कमी आणि आकडा काढण्याच्या पद्धतीबद्दल जास्त आहे. आपण नदीला विचारतो, तू माझ्या काय कामाची? केंद्रीय मंडळाने पाण्याचे वर्गच तसे पाडलेत: नुसत्या क्लोरीनने पिण्याजोगं, आंघोळीचं, शुद्धीकरण करून पिण्याजोगं, मासे आणि वन्यजीवांपुरतं, शेवटी शेतीचं. पाच वर्गांतला एक वर्ग जिवांचा, बाकीचे आपले. आणि राज्याच्या प्रदूषण मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर चालतो: सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि विष्ठेतले जिवाणू. चौघांचं वजन ठरलेलं, त्यांची गोळाबेरीज करून एक आकडा. कीटकनाशक त्यात नाही, शिसं नाही, परळीच्या वीजकेंद्राच्या राखेतून काय झिरपतं ते नाही. आणि या बेरजेत एका ठिकाणचं वाईट दुसऱ्या ठिकाणच्या बऱ्यामागे लपतं.

युरोपने २००० साली पाण्यासाठी एक कायदा केला, त्याला ते जल चौकट निर्देश म्हणतात. त्यात प्रश्न उलटा केला: या नदीत, या तळ्यात, या किनाऱ्याच्या पाण्यात जे राहायला हवं होतं ते राहतं का? मासे आहेत का, तळाचे किडे आहेत का, दगडावरचं शेवाळ कुठल्या जातीचं आहे, पाणवनस्पती कोणत्या? हे झालं परिसंस्थेचं आरोग्य. रसायनांचा निकाल वेगळा लावायचा. आणि नियम कडक, दहावीच्या जुन्या परीक्षेसारखा: एका विषयात नापास तर अख्खा नापास, सरासरी काढून पुढे ढकलणं नाही.

निकाल काय लागला? युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार परिसंस्थेच्या कसोटीवर ३७ टक्के पाणवठे उत्तीर्ण आणि रसायनांच्या कसोटीवर फक्त २९ टक्के. रसायनांत मार खाण्याचं मुख्य कारण पारा आणि आग रोखण्यासाठी फर्निचरमध्ये, विजेच्या उपकरणांत घातलेली ब्रोमीनची संयुगं, जी एकदा पाण्यात आली की पिढ्यान् पिढ्या जात नाहीत. २०१५ पर्यंत सगळे पास करू असं ठरलं होतं, मुदत २०२७ पर्यंत लांबली आणि तीही हुकणार हे दिसतंय. इतका पैसा, इतक्या प्रयोगशाळा असून ही गत. कुणी म्हणेल, मग त्यांच्याकडून काय शिकायचं? नापास झालो हे छापून जाहीर करायचं, एवढं तरी शिकता येईल. आपल्याकडे अशी परीक्षा घेतली तर किती टक्के पास होतील याचा अंदाज मला आहे, पण परीक्षाच होत नाही म्हणून निकालाची लाजही नाही.

किड्यांचं महत्त्व काय, ते सविस्तर सांगते, कारण वर्गात हे सांगितलं की पोरं आधी नाक मुरडायची आणि मग नदीतून बाहेर यायला तयार नसायची. प्रात्यक्षिकाला साहित्य म्हणून स्वयंपाकघरातली जुनी पिठाची चाळणी, पांढरी प्लास्टिकची बशी आणि एक भिंग. दिवाळीच्या आगेमागे पालीच्या तलावाच्या वरच्या अंगाला ओढ्यातला एखादा दगड उलटा करायचा. खाली चपटी, दगडाला घट्ट चिकटून सरपटणारी, शेपटीला तीन बारीक तंतू असलेली अळी सापडते. शेजारी वाळूचा एक लहानसा कांडा दिसतो, काडेपेटीतल्या काडीहूनही आखूड. पोरांना वाटायचं खडा आहे. बशीत ठेवून थोडं थांबलं की त्या कांड्यातून डोकं आणि सहा पाय बाहेर येतात आणि कांडा चालू लागतो. आपल्या तोंडातल्या धाग्याने वाळूचा एकेक कण चिकटवून या अळीने ते घर केलेलं असतं. शिवाय चतुराची जाडजूड पिल्लं, खेकड्याची पोरं.

मग तीच चाळणी घेऊन शहराच्या खाली यायचं. दगडावर काळा चिकट लेप आणि अंडी सडल्याचा वास. चाळणीत येतात त्या लालभडक अळ्या. त्या लाल असतात कारण प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्यात तगण्यासाठी त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. चिखलात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे धाग्यासारखे किडे आणि पाण्याबाहेर नळीसारखी शेपटी काढून तिच्यातून श्वास घेणारी एक पांढुरकी अळी. ही मंडळी काही वाईट नव्हेत, घाण खाऊन ती कामच करतात. पण फक्त तीच उरली असतील तर नदीचं काय झालंय हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात या किड्यांना गुण द्यायची पद्धत बसवली. वाळूचं घर बांधणाऱ्यांना १० गुण, चतुराच्या पिल्लांना ८, लाल अळीला २, चिखलातल्या धाग्यांना १. आणि ही काही साहेबाची चैन नाही. आपल्या केंद्रीय मंडळाने डच तज्ज्ञांच्या मदतीने तिला भारतीय नद्यांच्या अंगाने बेतून घेतलं, यमुनेवर वापरलं. म्हणजे मापपट्टी सरकारच्या कपाटात आहेच.

किड्यांचा मोठा फायदा असा की ते खोटं बोलू शकत नाहीत. तपासणीचा माणूस महिन्यातून एकदा बाटली भरतो. रात्री कुणी मळीचं पाणी सोडलं आणि सकाळी ते वाहून गेलं तर बाटलीला पत्ता लागत नाही. अळी मात्र तिथे महिनोन् महिने मुक्कामाला असते. रात्री मेली, तर सकाळी तिची जागा रिकामी दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्या उन्हाशी जोडलेली आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे जर्मनीच्या नदीला जी घाण पचते ती एप्रिलच्या बिंदुसरेला पचणार नाही. ऊन वाढलं की घाण वेगाने कुजते, प्राणवायूची मागणी वाढते आणि पुरवठा नेमका तेव्हाच घटतो. आपली मर्यादा त्यांच्याहून कडक हवी, सैल नव्हे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मला मनापासून समजतो. बाई, इथे प्यायला पाणी नाही, तुम्ही किडे काय मोजता? २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ती मांजरा नदी उगम पावते आमच्या पाटोदा तालुक्यात. दुष्काळ आम्हाला कुणी शिकवायला नको. पण दुष्काळ असतो म्हणूनच हा प्रश्न बीडला पुण्यापेक्षा जास्त लागू आहे. धरण भरलेलं असतं तेव्हा घाण विरते. धरण मृतसाठ्यात जातं तेव्हा शहराचं सांडपाणी तेवढंच राहतं आणि त्यात मिसळायला स्वच्छ पाणी उरत नाही. बिंदुसरेचं तर आणखी विचित्र आहे. होळीनंतर पालीखाली नदीत नैसर्गिक प्रवाहच नसतो. जे वाहताना दिसतं ते बीडकरांनी सोडलेलं असतं. पाहुणे पुलावरून बघून म्हणतात, अरे वा, तुमच्या नदीला उन्हाळ्यात पण पाणी! त्याच पाण्यावर खालची मंडळी इंजिन लावून भाजी आणि घास काढतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, दुसरं पाणी कुठे आहे? तीच मेथी, तीच कोथिंबीर आठवडी बाजारात आपण घासाघीस करून घेतो.

माजलगावच्या बाजूला धरणात जाळं टाकणाऱ्या एका म्हाताऱ्या भोई मामांशी मी बोलले होते. काय काय लागतं असं विचारलं. "चिलापी सोडून काय बी लागंना बगा, मॅडम. मदीच सोडलेला कटला, रोहू. वाम तर दिसंनाच झाली. मरळ कवातरी." ही वाम सापासारखी लांब, तळाच्या वाळूत आणि दगडांच्या फटीत राहणारी, नितळ तळ लागणारी. चिलापी आफ्रिकेतून आणलेली, कुठेही, कशातही तगणारी. मामांना परिसंस्थेचं आरोग्य हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी चार वाक्यांत अहवाल दिला. असा अहवाल प्रदूषण मंडळाच्या कुठल्या रकान्यात बसत नाही.

वाम राहायची ती वाळू गेली हे वेगळं सांगायला नको. गेवराईची गोदावरी असो की सिंदफणा, केनी लावून तळ खरवडायचा आणि रात्रभर हायवा पळवायचे, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त ज्यांनी बघायचं त्यांना दिसत नाही. वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे. ती नदीची गाळणी आहे, पाणी जमिनीत मुरवायची जागा आहे आणि हजार जिवांचं घर आहे. खरवडलेल्या तळात सांडपाणी साचतं, त्यावर जलपर्णी माजते, काठाला बेशरम आणि वेडी बाभूळ. मग जलपर्णी काढायचं टेंडर निघतं.

युरोपला अक्कल आपोआप आली नाही हेही सांगायला हवं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीचं कीटकनाशकांचं गोदाम पेटलं. आग विझवायला मारलेलं पाणी विष घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं, नदी लाल झाली, काही शे किलोमीटरपर्यंत मासे मेले. सगळ्यात जास्त गेले ते तळाला राहणारे ईल, दिसायला आपल्या वामसारखे. लोक रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला आणि त्याचं उद्दिष्ट मिलिग्रॅममध्ये लिहिलं नाही. साल्मन मासा २००० सालापर्यंत ऱ्हाईनमध्ये परत आला पाहिजे, असं लिहिलं. साल्मन त्या नदीतून काही दशकांपूर्वीच संपलेला होता. नव्वदच्या दशकात तो पुन्हा दिसू लागला. आजही धरणांमुळे तो सगळ्या जुन्या जागी पोचत नाही, पण शाळकरी पोरालाही विचारता येतं, साल्मन आला का? बीओडी किती झाला, हा प्रश्न रस्त्यावर कुणी विचारत नाही.

सांडपाण्याबाबतही त्यांनी १९९१ साली नियम केला की दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या गावालाही सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडता येणार नाही. २०२४ मध्ये ती अट हजारावर आणली. आणि औषधं, सौंदर्यप्रसाधनं यांचे अंश काढायच्या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च ती बनवणाऱ्या कंपन्यांनी सोसायचा, असंही ठरवलं. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, ते अपेक्षितच. पण दोन हजारांचं गाव म्हणजे आपल्याकडे एक साधी ग्रामपंचायत. आणि आपण दीड लाखाच्या शहराबद्दल बोलतो आहोत.

पाण्याची जाण आपल्याकडे नव्हती असं म्हणायची सोय नाही. बीडजवळची खजाना विहीर १५८२ ची, निजामशाहीत सलाबत खानाच्या काळातली. विजेविना, मोटारीविना, जमिनीखालच्या दगडी नहरातून तिचं पाणी शेतांना जायचं. आपण सहलीला जाऊन तिच्या पायऱ्यांवर फोटो काढतो आणि परत येताना वेफरची पिशवी तिथेच टाकतो.

नदीसाठी आपल्याकडे पैसा येतो तो दोनदा. एकदा पूर आल्यावर, १९८९ च्या जुलैतला पूर जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. आणि एकदा सुशोभीकरणाला. घाट, कठडे, रंगीत दिवे, बसायला बाक. माझा बाकाला विरोध नाही. पण ज्या पाण्याकडे तोंड करून बसवत नाही त्याच्या काठाला बाक कशाला? आधी एकेक नाला अडवा, त्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रात न्या, शुद्ध झालेलं पाणी शेतीला नाहीतर कारखान्याला विका आणि मग उरलेल्या पैशात दिवे लावा. क्रम उलटा झाला की दिव्यांच्या उजेडात गटार अधिक स्पष्ट दिसतं, इतकंच.

आणि मोजायला आजपासून सुरुवात होऊ शकते, त्याला कोटी लागत नाहीत. पालीच्या खाली, शहर संपतं तिथे, सिंदफणेच्या संगमावर आणि माजलगावला जिथून आपलं पाणी उचलतात तिथे, अशा चार जागी महिन्याला पाणी तपासावं. कीटकनाशकं आणि जड धातू वर्षातून दोनदा तरी बघावेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, पोरांना प्रकल्प हवे असतात. किडे मोजायचं काम त्यांना द्यावं, चाळणी आणि बशी मी माझ्या घरून देते. आणि निकाल दगडी पुलाजवळ मोठ्या फलकावर मराठीत लिहावा, खाली एका ओळीत: वाम दिसली का? हो किंवा नाही.

नगरपालिकेच्या मतासाठी जो कुणी तुमच्या दारात येईल त्याला रस्ता, गटार, लाइट जरूर विचारा. त्यासोबत एवढंही विचारा की तुमच्या घरच्या संडासाचं पाणी पुढे कुठे जातं आणि तुमच्या घरच्या नळाला ते कुठून येतं. दोन्ही उत्तरं ज्याला देता येतील त्यालाच पुढचं बोलू द्या.